मँडरिन बदकाचे रंग फोटोत उतरत नाहीयेत, काय करू?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवाय.

आमच्या थोरल्या मेहुण्यांची सोलापुरात होटगी रोडच्या पुढे शेती आहे. शेततळ्याच्या कडेला त्यांनी हौसेनं जाळीचं मोठं आवार करून बदकं पाळलीत. साधी पांढरी आधीपासून होती, आता मँडरिनची जोडी आणलीय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नराची चोच लालभडक, डोळ्यावरून मानेपर्यंत मागे गेलेला रुंद पांढरा पट्टा, गालावर नारिंगी कल्ले, छाती जांभळी, छातीच्या कडेला पांढऱ्या उभ्या रेघा आणि पाठीवर शीड उभारल्यागत दोन नारिंगी पिसं. मादी करडी-तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (लहान) सेन्सरवाला डीएसएलआर. लेन्स ७०-३०० मिमी. फोटो खाली डकवलेत. छाती डोळ्यांना मस्त जांभळी दिसते, फोटोत काळीठिक्कर. शिडाचा नुसता नारिंगी डाग झालाय, पिसाची एक रेघ दिसेल तर शपथ. पांढऱ्या रेघा जळाल्यात. डोक्यावरचा तुरा एका फोटोत हिरवा, लगेच पुढच्यात तांबडा. सगळं ऑटोवर सोडलं काय आणि मॅन्युअल केलं काय, फरक नाही.

गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत पुन्हा शेतावर जाणार आहे. एक चांगला फोटो मोठा करून मेहुण्यांच्या दिवाणखान्यात लावायचाय. लेन्स बदलू की कॅमेरा? की माझा नाद सोडू?

ढवळ्या

काय बे भाकरी, घरचे लोक फोटो काढ म्हणून मागं लागलेत आणि तू बदकाच्या मागं लागलास व्हय! असू दे, धागा वाचायलोय. चालू द्या.

रानवाटसरू

लेन्स, कॅमेरा काही बदलू नका. पैसे राखून ठेवा.

आधी तुऱ्याचं सांगतो, कारण तिथे तुमचा कॅमेरा खोटं बोलत नाहीये. पक्ष्याच्या पिसात रंग दोन तऱ्हेनं येतो. काळा, तपकिरी, तांबूस हे बहुतेक मेलॅनिन या रंगद्रव्याचे, म्हणजे कुठूनही बघा तोच रंग. चमकता हिरवा, निळा, जांभळा यात मात्र त्या रंगाचं द्रव्यच नसतं. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनचे सूक्ष्म कण केराटिनच्या (पीस ज्याचं बनतं त्या द्रव्याच्या) थरात शिस्तीत रचलेले असतात. त्यावरून उजेड परतताना काही लहरी एकमेकींना जोर देतात, काही मारतात. कोन बदलला की कोणत्या लहरीला जोर मिळणार तेही बदलतं. मँडरिनच्या तुऱ्यात हिरवी, तांबूस आणि जांभळट अशी झाक मुळातच आहे. त्यानं मान जराशी वळवली की एक विझते आणि दुसरी पेटते.

म्हणून ऊन तुमच्या पाठीशी आणि खालच्या कोनातून हवं. सध्या सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते साडेआठ हा तुमचा वेळ. नऊनंतर ऊन वरून पडायला लागतं, मग पाठ चमकते आणि छाती स्वतःच्याच सावलीत जाते. तुमच्या दुसऱ्या आणि चौथ्या फोटोत नेमकं तेच दिसतंय.

जळालेल्या नारिंगीचं दुखणं वेगळं आहे. कॅमेऱ्याच्या मागे जो एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दिसतो तो सरासरी दाखवतो. त्यात सगळं आलबेल दिसतं आणि एकटा लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) केव्हाच भिंतीला टेकलेला असतो. लाल संपला की नारिंगीतले बारकावे गेले, मग संगणकावर कितीही ओढा. मेन्यूत आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम सुरू करा, एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) उणे ०.७ वर ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या फाइलमध्ये) काढा. पांढऱ्या रेघाही त्यातच वाचतील.

चादरकट्टा

फोटोग्राफीतलं मला ओ का ठो कळत नाही. पण निम्मं आयुष्य डाईंगमध्ये गेलंय, रंग कळतो.

रानवाटसरूंनी सांगितलं ते आमच्या भाषेत धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. साडी घडीत एक रंग दाखवते, पदर हलला की दुसरा. गिऱ्हाईक विचारतं खरा रंग कोणता, आपण म्हणायचं दोन्ही.

पण भाकरी, तुझ्या फोटोत मला दुसरंच काहीतरी दिसतंय. पांढरी बदकं बघ. पांढरी आहेत का ती? पोटाखाली निळसर आणि पाठीवर हिरवट. आवारावर हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) टाकलीय का? आणि हौद निळ्या रंगानं रंगवलाय का?

कडकभाकरी

चादरकट्टा, तुम्ही शेतावर येऊन गेलात की काय! होय, वर हिरवी नेट आहे आणि हौद आतून निळा आहे.

चादरकट्टा

मग झालं. जांभळा म्हणजे तांबडा आणि निळा. त्याच्यावर पडणाऱ्या उजेडात हिरव्याचाच भरणा असेल तर तो परत काय पाठवणार? हिरवं तो पिऊन टाकतो. म्हणून काळा. आम्ही ट्यूबखाली शेड जुळवतो आणि तोच नमुना अंगणात उन्हात नेला की दोन तुकडे वेगळे निघतात, त्यातलाच प्रकार. डोळा सावरून घेतो, कारण मेंदूला माहीत असतं की इथे हिरवं छत आहे. कॅमेऱ्याला कोण सांगणार?

रानवाटसरू

चादरकट्टा, दंडवत! मी कोन बघत बसलो आणि छताकडे बघितलंच नाही.

भाकरी, कस्टम व्हाइट बॅलन्सनं (म्हणजे इथला पांढरा कोणता ते कॅमेऱ्याला आपणच सांगून) हे थोडं सुधारेल. नेटखाली पांढरा कागद धरून मोजमाप घ्या. पण नेटच्या भोकांतून थेट ऊनही ठिपक्याठिपक्यानं पडत असणार, म्हणजे एकाच पक्ष्यावर दोन तऱ्हेचे उजेड. ते कुठल्याही बॅलन्सनं सुटत नाही. पूर्वेकडची नेट तासभर गुंडाळता येते का बघा.

रंगारीबाबू

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर टाका, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवा, जांभळ्याचा स्लायडर ओढा. दोन मिनिटांचं काम. लाइक पडल्याशी मतलब.

रानवाटसरू

लाइक पडतील हो. पण सॅच्युरेशन ओढल्यावर नारिंगी आधी फुटतं, कारण ते आधीच काठावर असतं. आणि भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटमध्ये ते लपत नाही. शिवाय काळ्या पडलेल्या छातीत जांभळं मुळात नोंदलंच गेलं नसेल तर स्लायडर ओढून वर काय येणार? नुसते दाणे.

पिंजऱ्याबाहेर

वेगळा सूर लावतोय, राग मानू नये. हिप्परग्याच्या तलावावर या दिवसांत थापट्या, तलवार बदक, भुवई बदक उत्तरेकडून येऊन उतरलेली असतात. आपलं हळदीकुंकू बदक तर बारमाही. त्याच्या पंखावरचा हिरवा आरसा (चमकता पट्टा) सकाळच्या उन्हात असा काही पेटतो की मँडरिन विसराल. हे सगळं मोकळं, फुकट आणि आपलं. तरी सगळ्यांना पिंजऱ्यातलं विदेशी बदकच का दिसतं? मँडरिनचं घर म्हणजे पूर्व आशिया: चीन, कोरिया, जपान आणि रशियाचा पूर्वेकडचा भाग. होटगी रोड नव्हे.

कडकभाकरी

रागाचं काय त्यात! हिप्परग्याला मीही जातो. पण ३०० मिमीला थापट्या म्हणजे फ्रेममध्ये एक ठिपका. इथे पक्षी पाच मीटरवर बसतो. शिकायला बरं पडतं.

पिंजऱ्याबाहेर

शिकण्यासाठी म्हणत असाल तर मान्य. एक मात्र करा, फोटो टाकताना 'पाळीव' असं स्पष्ट लिहा. नाहीतर उद्या उजनीवर मँडरिन दिसल्याची बातमी फिरते आणि लोक गाड्या काढतात. २०२१च्या फेब्रुवारीत आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात मागुरी बील या तळ्यावर एक नर खरोखर आला होता. त्या भागातली आधीची नोंद १९०२ची, म्हणजे शतकाहून जुनी. केवढी गर्दी झाली होती तेव्हा! आपल्याकडे दिसला तर मात्र आधी पायातली कडी बघायची, पंख कापलेत का बघायचे, म्हणजे पाळलेला सुटलाय का ते कळतं. ब्रिटनमधले आजचे मोकळे मँडरिन तरी कुठून आले? पाळलेल्यांतले सुटलेले आणि सोडलेले, त्यांचीच ती प्रजा.

आणि कुणाला हे वाचून हळदीकुंकू किंवा अडई बदक पाळायची हौस सुटली असेल तर ती तिथेच गिळा. आपल्याकडचे रानटी पक्षी १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

ढवळ्या

माझ्या चुलतभावानं असलंच एक जोडपं घेतलं होतं. जुलैत बघतोय तर नर गायब, दोन्ही माद्या! व्यापाऱ्याला फोन लावून लई शिव्या घातल्या त्यानं.

गोठाडॉक्टर

ढवळ्या, भावाला सांग व्यापाऱ्याची माफी माग म्हणून.

वीण संपली की मँडरिनचा नर सगळा साज उतरवतो. शीड जाते, कल्ले जातात, जांभळी छाती जाते आणि तो जवळपास मादीसारखा करडा होतो. त्याच काळात पंखांची उडण्याची पिसंही एकदम झडतात, म्हणजे काही आठवडे उडताच येत नाही. तेव्हा भडक रंग घेऊन मिरवला तर शिकाऱ्याच्या तोंडी जाईल. पावसाळा सरता सरता नवी पिसं येऊ लागतात आणि थंडीपर्यंत पुन्हा नवरदेव तयार. ओळखायची खूण म्हणजे चोच. साज उतरला तरी नराची चोच लालसर राहते, मादीची करडी.

भाकरी, तुमचा मुहूर्त त्यामुळे बरोबर आहे. जानेवारीत पिसं नवी असतात. मे महिन्यापर्यंत कडा झिजतात, उन्हानं विटतात.

आता तुम्हाला आयता फोटो कसा मिळेल ते सांगतो. सकाळी हौदातलं पाणी बदला. ताजं पाणी दिसलं की बदक आंघोळ केल्याशिवाय राहत नाही. आधी डोकं बुचकळून पाणी पाठीवर घेतं, मग पंखांनी पाणी झोडपतं, मग अर्धं अंग पाण्याबाहेर काढून जोरात पंख फडफडवतं. त्यानंतर काठावर येऊन शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना चोपडत बसतं. हे बराच वेळ चालतं. तेल लावून झालेलं पीस आणि शेवाळाच्या पाण्यात लोळलेलं पीस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या फोटोतलं पाणी मला फार हिरवं दिसतंय. रंग उतरत नाहीत त्याला थोडी मळही जबाबदार आहे हो!

पाव-बिस्कीट टाकून जवळ बोलावू नका. भिजवलेली ज्वारी-मका, चिरलेला पाला ठीक. आणि आवारात शिरून मागे पळू नका. घाबरलेलं बदक पिसं अंगाला चप्प आवळून घेतं, शीड खाली जाते. मग फोटोत राहिलं काय?

मावशी_ऑनलाइन

किती छान धागा! वाचनखूण साठवली. आम्हा मोबाइलवाल्यांना काही सांगाल का? नातवाला शेतावर घेऊन जायचंय.

रानवाटसरू

मावशी, झूम अजिबात ओढू नका, जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि बसा. पडद्यावर बदकाच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट दाबून धरा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आंघोळीचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. नातू खूश होईल, फोटोपेक्षा जास्त.

भाकरी, जाळीचं राहिलं. जाळी फोटोत येऊ नये म्हणून लेन्सचं तोंड जवळजवळ जाळीला टेकवा, अॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडं, म्हणजे एफचा आकडा लहान ठेवा आणि पक्षी जाळीपासून लांब असू द्या. ऊन पडलेली जाळी पांढुरका पडदा टाकते, तेव्हा जाळीचा तेवढा तुकडा हातानं किंवा टोपीनं सावलीत घ्या.

पण अॅपर्चर उघडं ठेवण्यालाही मर्यादा आहे. हे बदक ४१ ते ४९ सेंमी लांब. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी, एफ ५.६, अंतर ३ मीटर असेल तर फोकसमध्ये येणारी जाडी साधारण २ सेंमी. डोळा मिळतो, शीड जाते. तेच ५ मीटरवर सरकून एफ ८ केलंत तर साधारण ८ सेंमी मिळतात. पक्षी आडवा, तुमच्याशी समांतर असेल तर तेवढ्यात डोळा, छाती, शीड सगळं बसतं. आंघोळीला शटरचा वेग १/१००० सेकंदाहून हळू नको, फडफडीला १/२०००. काठावर तेल लावत बसला असेल तर १/५०० पुरे. आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद) ८०० झाला तरी बिघडत नाही.

उंची मात्र बदकाच्या डोळ्याइतकी. उभ्यानं काढलेला फोटो म्हणजे पाठीचा फोटो. जमिनीवर आडवे व्हा, लेन्सखाली टॉवेलची गुंडाळी द्या. सोलापूरकरांना टॉवेल कुठून आणायचा ते सांगायला नको.

चादरकट्टा

टॉवेल पांढराच घे. पडलेलं ऊन वर परतवून छातीखालची सावली उजळतो.

रानवाटसरू

आज तुम्ही माझी शिकवणी घ्यायचीच असं ठरवलंय!

कडकभाकरी

मंडळी, जाऊन आलो. आल्या आल्या लिहितोय.

पूर्वेची नेट मेहुण्यांनी भल्या पहाटे सोडून दिली (बडबडत). हौद उपसून, घासून नवं पाणी भरलं. मी जाळीला लेन्स टेकवून आडवा. ऊन आलं तसा नर पाण्यात उतरला आणि डॉक्टरांनी सांगितलेला सगळा कार्यक्रम त्याच क्रमानं केला. फडफडीचे फोटो बरे आलेत, पण खरी मजा काठावर बसल्यावर आली.

शिडाचं पीस पहिल्यांदा नीट बघितलं. नारिंगी भाग म्हणजे पिसाची एकच बाजू, तीच पंख्यासारखी रुंद झालेली. दांड्याच्या पलीकडची बाजू अरुंद आणि गडद निळी. नारिंगीतही तळाशी विटकरी आणि वर जाताना फिकट. एक्स्पोजर उणे ०.७ वर तंतू न् तंतू दिसतोय. छाती जांभळी आली! म्हणजे सगळीकडे नाही. तो माझ्याकडे तोंड करून वळला की मध्यभागी जांभळी, कडेला किरमिजी, आणि आडवा झाला की पुन्हा काळपट. तुरा अजून दर फोटोत वेगळा आहे, पण आता त्याचं कारण माहीत असल्यानं चिडचिड होत नाही.

ऊन वर गेल्यावर नेटखाली पुन्हा काढून बघितले. तीच छाती, तोच पक्षी, काळा! दोन्ही शेजारीशेजारी डकवलेत.

पिंजऱ्याबाहेर

तिसरा फोटो अप्रतिम. माझा विरोध तात्पुरता स्थगित. मादीचेही टाका की. डोळ्याभोवतीचं कडं आणि मागे निघालेली बारीक पांढरी रेघ, तिच्या करड्या रंगात बघण्यासारखं पुष्कळ आहे.

मावशी_ऑनलाइन

चीन-जपानमध्ये ही जोडी एकनिष्ठ संसाराचं प्रतीक मानतात असं ऐकलंय. मेहुण्यांच्या दिवाणखान्यात जोडीचाच लावा.

गोठाडॉक्टर

मावशी, मानतात खरं. पण मादी अंडी उबवत बसली की बऱ्याचदा नर तिथून काढता पाय घेतो. मेहुण्यांना सांगू नका.

कडकभाकरी

😂 बहिणीला नक्की सांगणार.

आता प्रिंटचं. मागे एका लॅबमधून कुटुंबाचा फोटो मोठा करून घेतला होता, सगळ्यांचे चेहरे विटकरी आले. यावेळी काय काळजी घेऊ?

रानवाटसरू

आधी फाइल. रॉ उघडून व्हाइट बॅलन्स ठरवा, लाल चॅनल तपासा आणि एसआरजीबी या रंगपद्धतीत जेपेग काढा. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल तशीच दिली आणि लॅबनं ती एसआरजीबी समजून छापली तर रंग मरगळतात. तुमची फ्रेम ६००० बाय ४००० पिक्सेल असेल. न कापता ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २० बाय १३ इंच निघते. भिंतीवर लांबून बघायचं असेल तर २०० डीपीआयही चालतो, म्हणजे ३० बाय २० इंच.

भडक जांभळं आणि भडक नारिंगी कागदावर पडद्याइतकं उठत नाही, ही अपेक्षा मनाशी ठेवा. म्हणून आधी छोटा नमुना छापून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात बघा, लॅबच्या ट्यूबखाली नको. कागद मॅट किंवा लस्टर (अर्धवट चमकीचा) घ्या. ग्लॉसी खिडकीसमोर लावला की बदकाऐवजी खिडकीच दिसते.

ढवळ्या

आणि चौकटीला चादरीची किनार लाव बे. सोलापूरचं आहे कळलं पाहिजे की!

गोठाडॉक्टर

फोटो झाले, आनंद आहे. पण ती नेट परत बांधा. होळीच्या आत बांधाच. हे थंड मुलखातलं बदक, आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३च्या घरात जातो. सावली आणि गार पाणी नसेल तर पुढच्या वर्षी फोटो काढायला पक्षी राहणार नाही.

कडकभाकरी

बांधणार डॉक्टर. मेहुणे विचारतायत, आता परत बांधायचीच आहे तर हिरवीच बांधू की दुसरी काही मिळते?

चादरकट्टा

पांढरी मिळते, काळीही मिळते. काळी घेतलीस तर उजेड कमी होतो पण रंग चढत नाही. पांढरीत उजेड मऊ पसरतो, फोटोला ती बरी. ऊन किती अडवते तो टक्का विचारून घे, बदकांना अर्ध्याच्या पुढचा लागेल. आणि जुनी हिरवी टाकू नकोस, माझ्या रोपवाटिकेला दे.